टॅबवरची घटक चाचणी मध्येच अडकते? ‘नेट नाही’ म्हणण्याआधी बघायच्या जागा

लक्षणं ओळखीची असतील. चाचणीची लिंक वर्गाला दिली, पहिल्या दहा-बारा जणांची उघडली, आणि मग एकेका बाकावरून “बाई, माझं फिरतंय” सुरू झालं. कोणाचा फॉर्म अर्धाच उघडतो, कोणाला आकृती दिसत नाही, कोणी पंधरा उत्तरं लिहून सबमिट दाबलं की समोर पांढरा पडदा. तास संपतो, निम्म्याच उत्तरपत्रिका जमा होतात. शिक्षकखोलीतला निष्कर्ष ठरलेला असतो: आपल्या शाळेचं नेटच बेकार. मग मुख्याध्यापकांकडे अर्ज, ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा होतो, आणि पुढच्या चाचणीला पुन्हा तेच.

प्लॅन वाढवून हे सुटत नाही, कारण अडचण बहुतेक वेळा बाहेरून येणाऱ्या तारेत नसतेच. ती असते टॅब आणि राउटर यांच्या मधल्या अंतरात, किंवा टॅबच्या सेटिंगमध्ये, किंवा आपण प्रश्नपत्रिका जशी बनवली आहे तिच्यात. मी पुण्यात पेठेतल्या एका जुन्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. चाळीस टॅबचा संच, ते ठेवायला लोखंडी कपाट आणि एक राउटर, एवढीच आमची सामग्री. पुढचं सगळं अशाच शाळांसाठी आहे. ज्यांच्याकडे संगणकाचं बघायला पूर्णवेळ माणूस आहे, त्यांनी हे खुशाल त्याच्याकडे सरकवावं.

आधी दोन मिनिटांची तपासणी करा. सगळे टॅब फ्लाइट मोडवर टाका आणि फक्त पाच चालू ठेवा. त्या पाचांवर तीच लिंक उघडा. झटकन उघडली तर बाहेरची लाइन ठीक आहे, कंपनीला फोन करू नका. मग दहा चालू करा, मग वीस. ज्या संख्येला गाडी अडखळते ती तुमच्या वर्गाची खरी मर्यादा. ती कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे वर्षाच्या मध्यात आलेल्या नव्या शिक्षकालाही कळेल. पाचही टॅब चालत नसतील, तरच दोष बाहेर शोधायचा.

वाढत्या संख्येबरोबर अडखळत असेल तर

हे सगळ्यात जास्त वेळा होतं, म्हणून इथे थोडं थांबते. वाय-फायवर एका चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एका वाटेवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. वर्गात “एकेकाने बोला” म्हणतो तसंच: चाळीस हात वर असले तरी प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, आणि जो अडखळत बोलतो तो सगळ्यांचा वेळ खातो. हा अडखळणारा म्हणजे राउटरपासून सगळ्यात लांब बसलेला टॅब. रेंज कमी असली की तो सावकाश बोलतो, आणि त्याच्यामुळे पुढच्या बाकावरचे, पूर्ण रेंजचे टॅबसुद्धा हळू होतात. म्हणून “माझ्या टॅबवर तर सगळ्या रेघा दिसतायत” हा पुरावा धरू नका.

आता राउटर कुठे आहे ते बघा. बहुतेक शाळांत तो ऑफिसात असतो, कारण कनेक्शन घेतलं तेव्हा ऑफिसच्या संगणकासाठी घेतलं. ऑफिस आणि वर्ग यांच्यात काळ्या दगडाची जाड भिंत असेल, आणि पेठांतल्या जुन्या इमारतींत ती असतेच, तर वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल पलीकडे पोचेपर्यंत फारच क्षीण होतो. टॅब मग निमूटपणे २.४ गिगाहर्ट्‌झवर जातात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच मानले जातात: १, ६ आणि ११. आजूबाजूच्या वाड्यांतले, क्लासमधले, खालच्या दुकानातले सगळे राउटर त्याच तिनांत गर्दी करून असतात. फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एखादं मोफत ॲप घालून वर्गात उभं राहा, गर्दी डोळ्यांनी दिसेल.

यावर उपाय एकच, आणि तो फार महागही नाही: ऑफिसातून लॅनची तार वर्गापर्यंत ओढून घ्या आणि वर्गाच्या आत, उंचावर, एक ॲक्सेस पॉइंट (तारेने आलेलं नेट वाय-फायने पसरवणारी डबी) लावा. तो ५ गिगाहर्ट्‌झवर चालवा. एकाच खोलीत असल्यामुळे भिंतीचा प्रश्नच उरत नाही. त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या, आणि तो पासवर्ड शिक्षकांनाही देऊ नका. (राग येईल. येऊ द्या.) बाजारात ‘रिपीटर’ नावाची भिंतीत खोचायची डबी मिळते, ती स्वस्त पडते म्हणून संस्थाचालकांना आवडते. पण साधा रिपीटर तेच बोलणं पुन्हा एकदा हवेत बोलतो, म्हणजे आधीच अपुऱ्या वेळातला आणखी वेळ खातो. घरात एका माणसाला बाल्कनीत व्हिडिओ बघायला तो ठीक आहे. चाळीस मुलांच्या चाचणीला नको.

तार ओढायला परवानगी मिळेपर्यंत काय करायचं? गट पाडा. दहा जणांनी लिंक उघडायची, सगळे प्रश्न दिसले की हात वर करायचा, मग पुढचे दहा. उघडताना आणि जमा करताना या दोनच वेळा खरी गर्दी होते. मधल्या वेळात टॅब फारसं काही मागत नाही.

शेवटच्या काही टॅबना कनेक्शनच मिळत नाही

हा प्रकार वेगळा आहे आणि तो ओळखायला सोपा आहे. पहिले टॅब झकास चालतात. शेवटचे पाच-सात मात्र ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ यावर थांबून राहतात, आणि दर वेळी तेच टॅब नसतात. जे उशिरा चालू होतात ते अडकतात. राउटर प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो आणि त्याच्याकडच्या पत्त्यांची संख्या ठरलेली असते. घरगुती राउटरमध्ये ती बऱ्याचदा शंभर-दीडशेच्या आसपास ठेवलेली असते, आणि दिलेला पत्ता बहुधा एक दिवस अडवून ठेवला जातो. आता बेरीज करा: टॅब, संगणक कक्ष, ऑफिस, सीसीटीव्ही, सगळ्या शिक्षकांचे फोन, पालकसभेला येऊन वाय-फाय जोडून गेलेले पालक, आणि पासवर्ड कुठून तरी कळलेले दहावीचे मुलगे. दुपारपर्यंत पत्ते संपतात. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी नावाचा भाग असतो. तिथे पत्त्यांची मर्यादा वाढवा आणि मुदत दोन तासांवर आणा. पाच मिनिटांचं काम आहे, पण राउटरचा ॲडमिन पासवर्ड कोणाकडे आहे हे शोधायला आठवडा जातो.

याच्याच शेजारचा एक त्रास. काही शाळांत ‘ठरलेल्याच यंत्रांना प्रवेश’ असं कुलूप लावलेलं असतं, आणि त्यासाठी प्रत्येक टॅबचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख-क्रमांक) राउटरमध्ये नोंदवलेला असतो. अँड्रॉइड १० पासून टॅब आपला खरा मॅक ॲड्रेस न सांगता प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनवलेला पत्ता सांगतो. टॅब फॅक्टरी रीसेट केला की तो पत्ता बदलतो, आणि कालपर्यंत आत असलेला टॅब आज दाराबाहेर. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेचा पर्याय असतो, तिथे ‘डिव्हाइसचा मॅक’ निवडा.

सुट्टीनंतर एकही साइट उघडत नाही

दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ही तक्रार येते. वाय-फाय जोडलेलं दिसतं, तरी प्रत्येक साइटवर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ किंवा घड्याळ मागे असल्याची सूचना. कारण गमतीशीर आहे. कपाटात पडून बॅटरी पूर्ण संपली की स्वस्त टॅबची तारीख कित्येक वर्षं मागे जाऊन बसते. साइटची सुरक्षा तपासताना टॅब तिच्या प्रमाणपत्राची मुदत आपल्या तारखेशी ताडून बघतो, आणि त्याच्या हिशोबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. सिमकार्ड असलेला फोन तारीख टॉवरकडून घेतो. आपल्या टॅबना सिम नसतं, त्यामुळे वाय-फायवरून वेळ मिळाली नाही तर ते चुकीच्याच तारखेत राहतात. हाताने तारीख घाला, मग ‘आपोआप तारीख आणि वेळ’ चालू करा. सुट्टीआधी टॅब साधारण अर्धे चार्ज करून बंद करून ठेवले तर हा प्रसंग येत नाही आणि बॅटरीही टिकते. पूर्ण रिकामी करून ठेवलेली लिथियम बॅटरी सुट्टीनंतर कधी कधी उठतच नाही.

अपडेटचंही लगेच सांगून टाकते. बरेच दिवस बंद असलेले चाळीस टॅब एकदम वाय-फायवर आले की प्रत्येक जण मागे गुपचूप ॲप अपडेट करायला घेतो आणि चाचणी बाजूला राहते. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये आपोआप अपडेट बंद करा आणि शनिवारी शाळा सुटल्यावर दहा-दहाचे गट करून हाताने उरका.

प्रश्नपत्रिका जड आहे का?

फोनने काढलेला आकृतीचा फोटो तसाच फॉर्ममध्ये चिकटवला तर तो सहज ४ एमबीचा असतो. चाळीस टॅबनी तो मागितला की १६० एमबी. २० एमबीपीएसची लाइन, म्हणजे सेकंदाला अडीच एमबी, पूर्णपणे आपल्यालाच मिळाली असं धरलं तरी एका आकृतीला मिनिटाच्या वर वेळ जातो, आणि लाइन पूर्ण कधीच मिळत नाही. तोच फोटो कातरून, लहान करून १५० केबीवर आणला तर सगळ्या वर्गाचे मिळून ६ एमबी होतात. पाठ शिकवतानाही हेच. चाळीस टॅबवर चाळीस व्हिडिओ एकाच वेळी चालवणं हा हट्ट आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर स्कॅन केला की जे साहित्य येतं, त्यातलं बरंचसं आधी उतरवून ठेवता येतं. पुस्तकांच्या पीडीएफही ई-बालभारतीवरून घेऊन टॅबमध्ये टाकता येतात. आदल्या दिवशी हे केलं तर तासाला नेट लागतच नाही.

गूगल फॉर्म वापरत असाल तर एक गोष्ट माहीत हवी: तो ऑफलाइन चालत नाही. मात्र मूल गूगल खात्याने साइन इन केलेलं असेल तर अर्धवट उत्तरांचा मसुदा तीस दिवस आपोआप जतन होतो. साइन इन नसेल आणि पान बंद झालं, तर उत्तरं गेली. त्यामुळे पाहुण्यासारखी उघडी लिंक देण्यापेक्षा शाळेच्या नावाने काढलेली विद्यार्थ्यांची खाती वापरा. तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतःहून खातं काढता येतही नाही, आणि आईच्या खात्यावरून चाचणी दिली की निकालात आईचं नाव येतं. शिवाय पंचवीस प्रश्नांचा एक फॉर्म करण्यापेक्षा आठ-आठ प्रश्नांचे तीन करा. मधे काही बिघडलं तर गेलंच तर आठ प्रश्नांचं जाईल. सबमिट केल्यावर पान अडकलं तर मुलांनी मागे जायचं नाही, पान रिफ्रेश करायचं नाही. हात वर करायचा. वाय-फाय एकदा बंद करून चालू केलं की बऱ्याचदा काम होतं.

मुलं मधेच दुसऱ्या ॲपमध्ये जातात ही तक्रार सतत ऐकू येते. फॉर्ममधला ‘लॉक’ मोड शाळेच्या ताब्यातल्या क्रोमबुकसाठी आहे, आपल्या अँड्रॉइड टॅबवर तो लागू होत नाही, त्यामुळे तो शोधत बसू नका. टॅबच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘ॲप पिन’ करायची सोय असते, ती वापरा. आणि वर्गाच्या मागच्या बाजूला उभं राहा. चाळीस पडदे एका नजरेत दिसतात.

उत्तर बरोबर, गुण शून्य

इथपर्यंतच्या अडचणी मुलांना दिसतात आणि ती ओरडतात. ही दिसत नाही, म्हणून मला ती जास्त गंभीर वाटते. लघुत्तरी प्रश्नाला उत्तरसूची लावून फॉर्मलाच तपासायला सांगितलं की तो अक्षरं जुळवतो, अर्थ नाही. मराठीत दिसायला सारखं अक्षर आत वेगवेगळ्या पद्धतीने साठवलेलं असू शकतं.

‘ॲल्युमिनिअम’ घ्या. यातलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामाईक अक्षरसूचीत, स्वतंत्र आहे. ते २००८ मध्ये आलं. त्याआधी आणि काही कीबोर्डवर अजूनही ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र दिला जातो. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘वाऱ्याचा वेग’ मधल्या ‘ऱ्या’चंही तेच: कोणी ऱ वापरून लिहितं, कोणी साध्या र ला हलंत देऊन मधे न दिसणारं जोडचिन्ह घालतं. अंकांचं तर उघडच आहे. उत्तरसूचीत तुम्ही १२ मराठी अंकांत लिहिलं आणि मुलाच्या कीबोर्डवर इंग्रजी अंक असले, तर ते उत्तर चूक ठरू शकतं. ज्या मुलाच्या टॅबवर वेगळा कीबोर्ड आहे त्याचे गुण असे दर वेळी जातात, आणि आपण त्याला ‘कच्चा’ म्हणून नोंदवून मोकळे होतो.

शंका असेल तर उत्तरं गूगल शीटमध्ये घ्या आणि दोन सारख्या दिसणाऱ्या उत्तरांना ‘लेन’ (LEN) हे सूत्र लावा. लांबी वेगळी आली की पकडलं. ‘सबस्टिट्यूट’ (SUBSTITUTE) सूत्राने अ आणि चंद्र अशी जोडी बदलून सगळीकडे एकच ॲ करता येतो. त्याहून बरं म्हणजे सगळ्या टॅबवर एकच मराठी कीबोर्ड ठेवा, अंक कोणते वापरायचे ते प्रश्नातच लिहा आणि उत्तरसूचीत शक्य ती सगळी रूपं भरा. फॉर्म एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं घेतो. यांत्रिक तपासणी बहुपर्यायी प्रश्नांपुरती ठेवावी, लघुत्तरं स्वतः वाचावीत, असं माझं मत आहे. वेळ लागतो, पण मूल कुठे अडलं ते तिथेच कळतं.

दीर्घोत्तरी प्रश्न मी टॅबवर घेतच नाही. सातवीतल्या मुलाला मराठीत चार ओळी टाइप करायला जो वेळ लागतो, त्यात ते दीड पान हाताने लिहितं. मग आपण विज्ञान तपासतो की टायपिंग? २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाला आठ साधनं दिली: निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. त्यांतल्या चाचणीच्या एका तुकड्याला टॅब उत्तम. प्रयोग करतानाचा फोटो, तोंडी उत्तराचं रेकॉर्डिंग यांना तर फारच छान, आणि ते टॅबमध्येच साठवून नंतर सावकाश घेता येतं, नेटची घाई नाही. सगळी आठही साधनं एका फॉर्ममध्ये कोंबू नयेत.

चार्जिंग

चाळीस टॅब एकदा पूर्ण चार्ज करायला जेमतेम एक युनिट वीज लागते, त्यामुळे बिलाची काळजी सोडा. काळजी करायची ती एक्सटेन्शन बोर्डाला एक्सटेन्शन बोर्ड जोडण्याची. पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत आठ-दहा तोंडांचे चार्जर मिळतात, पण खोक्यावर एका तोंडाचे अँपिअर बघू नका, एकूण वॉट बघा. ४० वॉटच्या चार्जरला आठ टॅब लावले तर प्रत्येकाला पाचच वॉट मिळतात आणि तो भरायला पाच-सहा तास तरी जातात. चार्जिंगच्या छिद्रात खडूची भुकटी साठली की पिन नीट बसत नाही. टॅब बंद करून कोरड्या मऊ ब्रशने काढा, फुंकर मारू नका. आणि गुरुवारी चाचणी ठेवायची असेल तर टॅब बुधवारी दुपारीच लावा. देखभालीसाठी वीज बंद राहायची ती पुण्यात बहुधा गुरुवारीच.

एवढं करूनही अडत असेल तर तंत्रज्ञाला बोलवाच, पण त्याआधी चार गोष्टी टिपून ठेवा: किती टॅब चालू असताना अडखळतं, अडकलेल्या टॅबवर नेमकं काय लिहून येतं, त्या वेळी ऑफिसातल्या तारेने जोडलेल्या संगणकावर नेट चालत होतं का, आणि वर्गात २.४ चालू होतं की ५. हे हातात असलं की तो ‘राउटर बंद करून चालू करा’ इथून सुरुवात करत नाही.